आंदणातली बायडा

सोमवार, १२ जानेवारी १९२०

मिसबाईंनी आज ही वही दिली. म्हणाल्या, "बाळाबाई, रोज नको, मन भरून येईल तेव्हा लिहीत जा. कोणीही वाचणार नाही असे समजून लिहा." मी म्हटलं, कोणी वाचणारच नसेल तर शाई कशाला नासायची? त्या खूप हसल्या. त्या मूळच्या अमेरिकेच्या, मिशनच्या बाई. वीस वर्षं कोल्हापुरात काढून त्यांचं मराठी आमच्यापेक्षा शुद्ध झालं आहे, इतकं की आमच्या बायडाला त्यातलं निम्मं कळत नाही.

मन भरून यायला मला निमित्त लागत नाही. आमच्या घरात गोषा आहे, सून चौकाच्या पुढे जात नाही. तरी इकडून मिसबाईंना घरी येऊन मला शिकवायची परवानगी मिळाली, तीही मी न मागता. आमच्या पेठेतल्या दुसऱ्या कुठल्या सुनेला हे सुख आहे? इकडचं दरबारात मोठं काम, वर सभा आणि भाषणं. सध्या वेठबिगारीविरुद्ध व्याख्यान तयार होत आहे. काल जेवताना म्हणणं झालं, "माणसाला फुकट राबवून घेणं यासारखं पाप नाही." मला इतका अभिमान वाटला की वाढता वाढता आमटी ताटाबाहेर सांडली. इकडचं उठणं झाल्यावर बायडानं पुसून घेतली.

बायडा माझं आंदण. नऊ वर्षांपूर्वी माझं लग्न झालं तेव्हा माहेरहून पलंग, भांडी, दुभती म्हैस आणि बायडा अशी पाठवणी झाली. आम्हा मोठ्या घरांतून रीतच आहे, मुलीबरोबर तिच्या ओळखीचं एक माणूस द्यायचं म्हणजे तिला सासरी परकं वाटत नाही. माझ्या सासूबाईंबरोबर, म्हणजे आईसाहेबांबरोबर, तानाबाई अशीच आली, आता तिचे केस पांढरे झाले. बायडाची आई प्लेगात गेली. बापानं तिला आमच्या सोप्यात आणून बसवलं आणि तो फिरून आला नाही. तेव्हा ती चार वर्षांची आणि मी पाळण्यात. इथं सगळे मला वहिनीसाहेब म्हणतात, ती एकटी आक्का म्हणते. म्हैस तिसऱ्या वर्षी मेली, बायडा आहे. देवाचे उपकार.

सोमवार, १९ जानेवारी

आज धडा राहिला बाजूला. मिसबाईंनी त्यांच्या आजीची गोष्ट सांगितली.

पन्नास-साठ वर्षांपूर्वी अमेरिकेत माणसं विकत मिळायची. काळी माणसं, बायका, पोरं. त्यांच्याकडून कापूस आणि ऊस पिकवून घ्यायचे. मिसबाईंची आजी ओहायो नावाच्या मुलखात राहायची. ती आणि तिच्या मैत्रिणी जमून शिवणकाम करायच्या, ते विकून आलेला पैसा गुलामांच्या सुटकेसाठी लावायच्या. गुलामांनी केलेली साखर घरात येऊ द्यायची नाही म्हणून आजीनं साखर सोडली. मी म्हटलं, आमच्या कोल्हापुरात कुणी गूळ सोडला तर तिला आधी वैद्य बोलावतील! बायका सभेत बोलायला उभ्या राहिल्या की लोक हुर्यो करायचे, अंडी मारायचे. "बाईने चूल सांभाळावी," असं पाद्रीसुद्धा म्हणायचे. आजी म्हणे, गुलामांची बाजू मांडता मांडता आम्हाला कळलं की आमच्याही तोंडाला कुलूप आहे.

एकदा एक पळालेली बाई आजीच्या तळघरात लपली होती. पुढे ती परक्या राज्यात पोचली आणि तिनं धुलाईचं दुकान काढलं.

मला रडू आलं. मी ठरवलं, यंदा आपल्याकडच्या हळदीकुंकवाला बायकांना ही गोष्ट सांगायची. इकडे विचारलं तर केवढा आनंद झाला! "अवश्य सांगा. स्त्रियांत जागृती झाली पाहिजे." असा नवरा मिळायला पुण्याई लागते.

मंगळवार, २७ जानेवारी

आज माझं भाषण झालं! चौकात जाजम घालून तीसेक बायका बसल्या होत्या. मी गोष्ट सांगितली, साखरेची, शिवणाची, तळघरातल्या बाईची. आईला पोरापासून तोडून विकायचे हे सांगताना माझाच आवाज फुटला आणि बायकांनी पदर डोळ्याला लावले. शेवटी म्हटलं, असल्या रीती जगातून गेल्या पाहिजेत, आणि आपण बायकांनीच त्या घालवल्या पाहिजेत.

आईसाहेब म्हणाल्या, "चांगलं बोललीस. कुठल्या मुलखातली बिचारी माणसं, पण काळीज हललं." मग त्यांनी हाक मारली, "बायडे, पान-सुपारी आण. आणि तानाबाईला म्हणावं, पावण्यांची पायताणं नीट लाव." सगळं कसं वेळेवर झालं. बायडा आणि तानाबाई नसत्या तर माझी फजितीच होती.

संध्याकाळी बायडा माझे केस विंचरत होती. म्हणाली, "आक्का, एक इचारू?"

"विचार की."

"मिसबाईंच्या आज्जीकडं ती बाई आली. तिला मालकिणीनं सोडलं व्हतं, का ती पळाली?"

"पळाली."

"मालकीण मारत व्हती?"

"ते मिसबाईंनी नाही सांगितलं. काही मालकिणी चांगल्याही असतील."

"मग चांगलीतनं का पळाली?"

मी हसले. म्हटलं, तू तर वकिलासारखी उलटतपासणी घेतेस. तिनं माझी वेणी इतकी घट्ट घातली की अजून कपाळ दुखतंय. पण माझं बोलणं तिनं दारामागून सगळं ऐकलं, याचं बरं वाटलं.

सोमवार, २ फेब्रुवारी

आज रोशनबी आली. ती मणेरीण, आमच्या घरी बांगड्या भरायला तीच येते. गोषातल्या बायकांना गावातल्या बातम्या पुरवणं हाही तिचाच धंदा. आज ती शेवटची आली. महाराजांनी शिरोळकडं जयसिंगपूर म्हणून नवी पेठ वसवली आहे, तिथं तिचा नवरा मीरासाब दुकान टाकतो आहे.

"समदं नवंकोरं हाय, वहिनीसायब," रोशनबी सांगत होती. "रस्तं कसं पट्टी मारल्यागत. पण घरं बांधणारी गवंडी, हमाल, गाडीवान, ही समदी गडीमाणसं. भाकरी करून घालायला बाईमाणूस न्हाय. पैसा हातात धरून उपाशी फिरत्यात बघा."

मी बांगड्यांचा रंग निवडत होते. ती गेल्यावर बायडा समोर येऊन उभी राहिली. बसली नाही. म्हणाली, "आक्का, मला जायाचं हाय. रोशनबीसंगट. भाकरी करून इकीन."

मला वाटलं, थट्टा करते आहे. "आणि इथलं?"

"इथलं कुणी बी करंल."

मग मला कळलं की थट्टा नाही. खरं लिहायचं तर मला राग आला. तिला काय कमी केलं मी? माझं ताट झालं की तिचं ताट. दिवाळीला लुगडं. आजारी पडली तर औषध. आजवर मी तिच्यावर हात उगारलेला नाही. छबू माझ्या पोटची, पण रात्री झोपते बायडाच्याच कुशीत. बायडा तिला घेऊन बाळंतिणीच्या खोलीत निजते आणि दाराला आतून पाटा लावते. चार वर्षं झाली या सवयीला. चोर येतात म्हणे! मी तिला नेहमी चिडवते, तुझ्याकडचं काय नेणार गं चोर?

मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "लवकर बघा. तुमी बाळंतपणाला माहेरी जायाच्या आत."

हा सहावा महिना. शिमगा झाला की मला माहेरी जायचं आहे. तिचा आणि याचा काय संबंध, ते मला समजलं नाही.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

मी इकडे विषय काढला. आधी हसणं झालं, मग कपाळाला आठी. "बायडा तुमच्या माहेरचं आंदण. ती गेली तर बाळासो काय म्हणतील? दिलेलं माणूस आम्हाला सांभाळता आलं नाही, हेच ना?" हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. बाळासोदादा माझे थोरले भाऊ, मानापमानाला फार जपतात. आंदण परत जाणं म्हणजे सोयरीक मोडल्यासारखंच. इकडून किती लांबचा विचार होतो! पुढे असंही म्हणणं झालं की, या वेळी मी माहेरी जाताना बायडाला इथंच ठेवावं, घर तिच्या हातात असतं. गेल्या वेळीही असंच झालं होतं.

गेल्या वेळचं आठवलं म्हणून लिहून ठेवते. छबूच्या वेळी मी पाच महिने माहेरी होते. परत आले तर बायडा वाळून काटकी झालेली. आईसाहेब म्हणाल्या, तिला बाधा झाली होती, म्हणून तिला तानाबाईबरोबर नृसिंहवाडीला दोन महिने ठेवलं, दत्ताच्या पायरीवर. एका कामाच्या बाईसाठी कोण करतं एवढं? त्या दिवशी मी आईसाहेबांच्या पाया पडले होते. त्यांनी मला उठवलं आणि लगेच देवघरात गेल्या. त्यांना स्तुती आवडत नाही.

तेव्हापासून बायडा इकडच्या समोर कधी येत नाही. हाक मारणं झालं तर तानाबाईला पुढे करते. आदर असावा तर असा.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

सुटलं! सगळं सुटलं, आणि सुचलं मला, या बाळाबाईला!

आंदण परत गेलं तर अपमान. पण लेक सासरी गेली तर कसला अपमान? आम्ही दोघांनी बायडाला मुलगी मानायचं, तिचं कन्यादान करायचं आणि मांडवातून पाठवणी करायची. दादांना मान, आम्हाला पुण्य, बायडाला घर. नवराही घरातच आहे, आमचा ज्ञानू गाडीवान. बायको वारून दोन वर्षं झाली, निर्व्यसनी, बैलावरसुद्धा ओरडत नाही. तबेल्यामागची खोली दोघांना द्यायची, म्हणजे तिला आम्हाला सोडून जावंही लागणार नाही.

इकडे सांगितलं तर एकदम पसंत. "उत्तम! म्हणजे ती घरातच राहील." खर्चाचं बघू नका, असंही म्हणणं झालं. मी इतकी आनंदले की छबूला उचलून गिरकी घेतली आणि तानाबाईची बोलणी खाल्ली, पोटुशी बाई उड्या मारते म्हणून.

दुपारी मिसबाईंना सांगितलं. वाटलं, शाबासकी देतील. त्यांनी विचारलं, "बायडाला विचारलेत काय?"

मी म्हटलं, आधी सगळं जमवावं, मग तिला सुखाचा धक्का द्यावा.

मिसबाईंनी हातातलं शिवण खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "माझी आजी म्हणे, चांगले मालक भेटले की आमचे काम फार अवघड होई." मला अर्थ लागला नाही. त्यांचं मराठी शुद्ध असलं तरी कधी कधी अमेरिकन बोलतात.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

बायडा नाही म्हणाली.

मी ज्ञानूचं नाव घेतलं, कन्यादानाचं सांगितलं, तिला हिरवा शालू घेणार तेही सांगितलं. ती भांडी घासत होती. हात थांबवून म्हणाली, "पयल्यांदा बापानं दिलं. मग तुमच्या दादानं दिलं. आता तुमी देनार. आक्का, मला कुणी देऊ नगा."

"अगं पण लग्न म्हणजे..."

"ज्ञानूबा चांगला हाय. पर तबेल्यामागची खोली ह्याच घरात हाय की."

मिसबाई तिथंच होत्या. त्या म्हणाल्या, मिशनच्या बंगल्यात ये, शीक, राहा. बायडानं त्यांना हात जोडले. "ह्या दारातनं त्या दारात नगो, बाई. मला माझी चूल पायजे."

मिसबाईंचा चेहरा पडला, पण त्यांनी मान हलवली. मला मात्र वाईट वाटलं ते वाटलंच. एवढं जमवून आणलेलं! ही बाई कृतघ्न आहे असं लिहिणार होते, पण लिहवत नाही. छबूला गोवर आला तेव्हा ती चार रात्री बसून होती.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

आज आईसाहेबांनी मला देवघरात बोलावलं. वाती वळत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "सूनबाई, माहेरी जाताना बायडाला संगट ने."

मी म्हटलं, "पण तिला इथंच ठेवायचं, असं इकडून सांगणं झालंय. घराचं कोण बघणार?"

"घराचं मी बघीन. मी अजून मेले न्हाय."

"पण आईसाहेब..."

"माझ्या लग्नात तानाबाई आली तवा ती चौदा वर्साची व्हती." दारात तानाबाई फुलं घेऊन उभी होती. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या आणि मला आपण तिथं नसल्यासारखं वाटलं. मग आईसाहेब म्हणाल्या, "मला त्या वक्ताला कुणी सांगितलं न्हाय. तुला मी सांगतीय. ने तिला."

काय सांगितलं त्यांनी मला? दिवसभर विचार करते आहे. मला आईसाहेबांची भीती वाटायची, आज पहिल्यांदा त्यांचा हात धरावासा वाटला.

गुरुवार, ४ मार्च, होळी

पुरणाचा घाट होता. बायडा आणि मी दोघीच चुलीशी होतो. मी म्हटलं, "आईसाहेब म्हणतात तुला बरोबर ने. तुझी तब्येत परत बिघडू नये म्हणून असेल. गेल्या वेळी बाधा झाली होती ना तुला."

तिनं पोळी तव्यावर टाकली. उलटली. उतरवली. मग म्हणाली, "आक्का, तुमी माहेरी गेलतासा तवा मला काय बाधा झाली न्हवती."

"मग?"

"पुढचं इचारू नगासा. तुमाला ह्या घरात ऱ्हायाचं हाय."

मी विचारलं नाही.

पोळ्या उत्तम झाल्या. इकडून तीन घेणं झालं, आणि वेठबिगारीवरचं व्याख्यान लोकांना फार आवडल्याचं सांगणं झालं. मी वाढत होते. माझे हात नेहमीसारखे चालत होते, याचंच मला नवल वाटलं.

शनिवार, ६ मार्च

झोप नाही. दाराला लावलेला पाटा डोळ्यांपुढून हलत नाही. चार वर्षं मी त्यावर हसले. आणि नृसिंहवाडीचे दोन महिने. मी वेडी पाया पडले होते.

यापुढचं या वहीतसुद्धा लिहिणार नाही. पण आता मला ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे बायडाला ठाऊक आहे.

सोमवार, ८ मार्च

आज मी नऊ वर्षांत पहिल्यांदा इकडच्या शब्दापुढे शब्द ठेवला. म्हटलं, सातवा महिना आहे, प्रवासात ओळखीचं माणूस हवं, बायडा आली तरच जाईन, नाहीतर बाळंतपण इथंच. आईसाहेब झोपाळ्यावरून म्हणाल्या, "बरुबर हाय तिचं." मग ठरलं, बायडानं मला पोचवावं आणि दुसऱ्या दिवशी ज्ञानूबरोबर परत यावं.

एवढ्यावरही मी मनात नमस्कार केला. नाही म्हणाले असते तर माझी पुढं काय छाती होती?

मी रोशनबीकडं निरोप धाडला आहे. कुणाबरोबर ते लिहीत नाही.

सोमवार, १५ मार्च, माहेरी

आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी निघालो. तानाबाईनं बायडाची ओटी भरली. कुणी विचारलं नाही की एका दिवसासाठी जाणाऱ्या बाईची ओटी कशाला. आईसाहेब उंबऱ्यापर्यंत आल्या. तानाबाईनं बायडाच्या गालावरून हात फिरवला आणि तिथंच खाली बसली, पायऱ्यांवर, सगळ्यांदेखत. आईसाहेबांनी तिला उठ म्हटलं नाही. त्याच तिच्याशेजारी बसल्या.

आगगाडीत आम्ही बायकांच्या डब्यात, खिडकीला पडदा. ज्ञानू पुढच्या डब्यात. गाडी मिरजेला जाताना मध्ये जयसिंगपूर लागतं. आमच्या गोषाला मी जन्मभर नावं ठेवली असतील, पण आज म्हटलं, बरा आहे हा गोषा, बायकांच्या डब्यात काय चाललंय ते बघायला कुणी पुरुष येत नाही.

वाटेत मी बायडाला म्हटलं, "माझ्या पाटल्या घे. धंद्याला लागतील."

"नगो. मग तुमी दिल्यागत हुईल."

"मग मी काहीच द्यायचं नाही?"

तिनं विचार केला. "छबूला सांगा, बायडा मेली न्हाय. जयसिंगपुरात हाय."

जयसिंगपूरला गाडी थांबली. फलाटावर रोशनबी उभी होती, डोईवर पदर, शेजारी मीरासाब. बायडानं झोपलेल्या छबूचा मुका घेतला, गाठोडं उचललं आणि उतरली. तेवढ्यात ज्ञानूचा आवाज आला, "ए बायडे! मिरज आलं न्हाय अजून. कुठं चाललीस?" तो उतरून धावत येत होता. लोक बघायला लागले.

मी पडदा ओढला. पूर्ण. उघड्या तोंडानं खिडकीतून बाहेर वाकले. आमच्या घरच्या कुठल्याही सुनेचं तोंड फलाटानं पाहिलं नसेल. मी मोठ्यानं म्हटलं, "ज्ञानू, तिला अडवू नकोस. मी तिला जायला सांगितलंय!"

ज्ञानू जागच्या जागी थिजला, माझ्याकडं बघू का नको अशा अवस्थेत.

बायडा वळली. म्हणाली, "आक्कांनी सांगिटलं न्हाय, ज्ञानूबा. मी चाललोय."

पुन्हा मीच चुकले होते. मी म्हटलं, "हो. ती चाललीय."

ज्ञानूनं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "मग नीट जा गं." त्यानं तिचं गाठोडं रोशनबीच्या गाडीपर्यंत नेऊन दिलं. लग्नाला मी माणूस चांगला निवडला होता, एवढं मात्र खरं.

गाडी सुटल्यावर मी पडदा परत लावला नाही. वारा फार छान येत होता. मिरजेपर्यंत मी रडले, आणि डब्यातल्या एका अनोळखी बाईनं काही न विचारता माझ्या हातावर केळं ठेवलं. तिचंही देव भलं करो.

मंगळवार, १६ मार्च

दादा कडाडले. आंदण पळालं म्हणून चार गावांत हसं होणार म्हणाले. माणसं पाठवून आणवतो म्हणाले. मी म्हटलं, "आणवा. मग मी पण सासरी जात नाही, आणि का जात नाही ते तुमच्या चार गावांना सांगते."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. का ते विचारलं नाही. आमच्यात न विचारण्याची फार जुनी सवय आहे. पण माणसं पाठवली नाहीत.

गुरुवार, ६ मे

मुलगी झाली. दोघी सुखरूप. आईसाहेबांनी साखर पाठवली आणि तोंडी निरोप दिला, "लेक झाली, जपा." ज्ञानूनं येताना जयसिंगपूरला उतरून भाकरी खाल्ली. म्हणाला, बायडाच्या खानावळीत बसायला जागा नव्हती, आणि तिनं त्याच्याकडून इतरांएवढेच पैसे घेतले. हे सांगताना तो एवढा खूश का होता कोण जाणे.

माझ्याजवळ आभार मानायला माणसं कमी पडत नाहीत. पण आज पहिल्यांदा मला कळेना की बायडाचे आभार कशाबद्दल मानू. छबूला कुशीत घेतल्याबद्दल की मला सांगितल्याबद्दल? मग वाटलं, मला पुढचं न सांगितल्याबद्दलही. ती जाताना मला सांभाळून गेली. एवढी वर्षं मी समजत होते की मी तिला सांभाळते.

सोमवार, १४ जून

उद्या सासरी जायचं. इकडून गाडी येणार आहे.

सकाळी दादांनी मला सोप्यात बोलावलं. तिथं एक पोर उभी होती, आठेक वर्षांची, नाक पुसलेलं, केसांना चोपून तेल लावलेलं, अंगात माझ्याच लहानपणचं परकर-पोलकं. आमच्या केरबाची मुलगी. केरबा शेतावर राबतो. तो अंगणात उकिडवा बसला होता, आमच्याकडं पाठ करून.

दादा म्हणाले, "बायडाच्या जागी ही घेऊन जा. कामाला चलाख आहे. तुझ्या सासरच्या पावण्यांकडूनही विचारणा आलीय, दुसरी कोण देताय म्हणून. आंदणात उणं राहायला नको."

मुलीनं माझ्याकडं बघून हसायचा प्रयत्न केला. तिला कुणीतरी सांगितलं असणार, आक्का चांगली आहे.

चांगली आहे मी. मिसबाईंच्या आजीचं बोलणं मला तेव्हा उमगलं.

मी तिला विचारलं, "तुला यायचंय का माझ्यासंगट?" तिनं आधी दादांकडं पाहिलं, मग बापाच्या पाठीकडं. मग तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, पण मान तिनं होय अशीच हलवली.

मी तिचा हात धरला, अंगणात नेली आणि केरबाच्या पुढ्यात उभी केली. म्हटलं, "केरबा, ही तुझी. हिला शाळेत घाल." केरबानं वर पाहिलं. पोरीला उचलून खांद्यावर घेतली आणि असा भराभर चालत सुटला की जणू मी विचार बदलीन.

दादांच्या कपाळावरची शीर उडत होती. "आणि तिथं तुझं कोण करणार? पोरींचं कोण बघणार? त्या घरात तुझ्यासंगट कोण जाणार?"

मी छबूकडं पाहिलं, पाळण्यातल्या तान्हीकडं पाहिलं. मला त्या घराची भीती वाटते. आईसाहेब आहेत, तानाबाई आहे, मिसबाई शिकवायला येतील, त्या सगळ्यांसाठी देवाला हात जोडते. तरी भीती वाटते.

"कुणी नाही," मी म्हटलं. "तुम्ही मला त्या घरी दिलीत, ती मी गेलेच आहे. आता आणखी कुणाला देऊ नका."